फिरलेले देऊळ : कथेची भाषा आणि लोकस्मृतीची वाटणी

१

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात, औंढ्याहून वसमतकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिरड शहापूर हे गाव आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यापूर्वी हे गाव परभणी जिल्ह्यात, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. गावाच्या जोडनावातील ‘शहापूर’ या पदात ‘शाह’ हा फारसी शब्द आणि ‘पूर’ हा संस्कृत शब्द असा सांधा बसलेला आहे. मराठवाड्याच्या भाषेत असा सांधा नवलाचा नव्हे. राज्यकारभाराची फारसी, पुढे उर्दू, घरातील व कीर्तनातील मराठी, बाजारातील दखनी, यांच्या सहवासात ज्या प्रदेशाची कित्येक शतके गेली, त्या प्रदेशातील गावाचे नावच त्या सहवासाची साक्ष देते.

शिरड शहापूर हे मल्लिनाथ तीर्थंकरांचे दिगंबर जैन क्षेत्र म्हणून प्रसिद्ध आहे. येथील मूर्ती मूळची या गावची नव्हे, ती अर्धापूर येथून आली, अशी क्षेत्राची परंपरा सांगते. याच रस्त्याने पुढे गेल्यास औंढा लागते. तेथील नागनाथाचे देऊळ नामदेवांसाठी फिरले, असे सर्व पंचक्रोशी सांगते. औंढ्याच्या पलीकडे हिंगोलीच्या बाजूस नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मान्यता पावलेली नर्सी आहे. रस्त्याच्या दुसऱ्या अंगास वसमत आणि त्यापुढे नांदेड, जेथे १७०८ साली गुरू गोविंदसिंहांचा अंत झाला. नांदेडच्या दर्शनास आलेले शीख यात्रेकरू नर्सीसही जातात. कारण नामदेव त्यांचेही आहेत. अशा रीतीने या एका रस्त्यावर देवाच्या स्थलांतराची कथा, देवळाच्या फिरण्याची कथा, आणि एका संताला दोन भाषांनी आपला म्हटल्याची वस्तुस्थिती एकत्र आलेली आहे.

अशा कथांचा विचार करताना अभ्यासक बहुधा एकच प्रश्न पुढे करतात : हे घडले काय? देऊळ फिरत नाही, म्हणून कथा निकालात निघते. किंवा श्रद्धेचा विषय म्हणून ती बाजूस ठेवली जाते. दोन्ही परींनी इतिहासाच्या अभ्यासकाचे नुकसानच होते. कथेने घटना जपली नसेल, पण काहीतरी जपलेले असते. आणि काय जपावयाचे व काय सोडावयाचे याची निवड बऱ्याच अंशी ज्या भाषेत ती सांगितली जाते ती भाषा, आणि ज्या समाजात ती ऐकली जाते तो समाज करीत असतो. औंढ्याच्या कथेवरून हे विशेष स्पष्टपणे दाखविता येते. कारण ही कथा मराठीत एका स्वरूपात आणि उत्तरेकडील संतवाणीत दुसऱ्या स्वरूपात टिकलेली आहे. प्रस्तुत लेखात या दोन स्वरूपांची तुलना करून, प्रत्येक भाषेने त्या स्मृतीचा कोणता वाटा आपल्याकडे ठेवला हे पाहावयाचे आहे.

२

मराठी परंपरेतील कथेचा गाभा असा आहे. ज्ञानदेव आणि नामदेव तीर्थयात्रा करीत औंढ्यास आले. नामदेवांनी नागनाथाच्या देवळासमोर कीर्तन आरंभिले. तेथील ब्राह्मणांनी त्यास हरकत घेतली. नामदेव देवळाच्या मागल्या बाजूस गेले आणि तेथे कीर्तन करू लागले. तेव्हा देऊळ फिरून त्यांच्यासमोर आले. नंदी मात्र होता तेथेच राहिला. म्हणून औंढ्यास आजही नंदी देवासमोर नाही, मागे आहे.

ज्ञानदेव-नामदेवांच्या यात्रेचे वर्णन करणाऱ्या ‘तीर्थावळी’च्या अभंगांशी ही कथा निगडित आहे. तिला सर्वत्र पोचविण्याचे श्रेय ताहराबादच्या महिपतीकडे (१७१५–१७९०) जाते. १७६२ साली पूर्ण झालेला त्याचा ‘भक्तविजय’ हा ग्रंथ पुढे घरोघर व देवळोदेवळी वाचला गेला. महिपतीच्या निवेदनात कीर्तनास जमलेली गर्दी पूजेच्या आड येते, हा आक्षेपाचा प्रमुख मुद्दा आहे. आक्षेप घेणारे ब्राह्मण आहेत हे त्याने लपविलेले नाही. तथापि प्रसंगाचा भर अपमानावर राहत नाही. तो चमत्कारावर आणि नंतरच्या मनोमीलनावर जाऊन स्थिरावतो.

मराठी कथेचे आणखी एक अंग महत्त्वाचे आहे. देऊळ शिवाचे आहे आणि कीर्तनकार विठ्ठलाचा भक्त आहे. औंढा हे शैवांचे जुने पीठ. शैवांच्या प्राचीन परंपरेत उल्लेखिलेले ‘आमर्दक’ हे स्थान म्हणजेच औंढा, असे मत अभ्यासकांनी मांडलेले आहे. आमर्दकापासून ‘आवंढा’, ‘औंढा’ ही रूपे साधताना मकाराचा सानुनासिक वकार होणे मराठीच्या नियमाला धरूनच आहे. ‘ग्राम’पासून ‘गाव’ व ‘नाम’पासून ‘नाव’ याच मार्गाने आले. ‘र्द’पासून ‘ढ’ कसा आला याचे समाधान तितके सोपे नाही. ते काही असो. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांची कथाही औंढ्याचीच आहे. विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजले होते. देव नाही अशा जागी माझे पाय उचलून ठेव, असे त्यांनी सांगितले, आणि नामदेव जेथे पाय ठेवू गेले तेथे लिंग दिसू लागले. या दोन्ही कथा एकत्र वाचल्या म्हणजे लक्षात येते की मराठी परंपरेने औंढ्याच्या ठायी हरिहरांच्या ऐक्याची स्मृती साठविली आहे. विठ्ठलाच्या नामासाठी शिवाचे देऊळ फिरले, हा वारकरी मनाला लागलेला अर्थ आहे. आणि ज्या प्रदेशात शैव व वैष्णव एकाच गावकुसात राहतात तेथे तो अर्थ रुजावा यात आश्चर्य नाही.

३

आता उत्तरेकडील रूप पाहावे. १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात, म्हणजे आजच्या गुरू ग्रंथसाहिबात, नामदेवांच्या नावावर ६१ पदे आहेत. त्यांतील दोन पदांत फिरलेल्या देवळाचा प्रसंग येतो. एक भैरव रागात आहे, दुसरे मल्हार रागात.

भैरव रागातील पदात नामा आनंदाने देवळात आला आहे. भक्ती करीत असताना त्याला धरून उठविले जाते. आपली जात हीन आहे, छिप्याच्या कुळात आपण का जन्मलो, असे तो देवालाच विचारतो. मग घोंगडी उचलून तो माघारी वळतो आणि देवळामागे जाऊन बसतो. तो जसजसे हरीचे गुण गातो, तसतसे देऊळ भक्तांकडे फिरते. मल्हार रागातील पद अधिक उघड आहे. तेथे शूद्र शूद्र म्हणत मारून उठविल्याची तक्रार आहे, मेल्यावर मिळणाऱ्या मुक्तीचा काय उपयोग असा सवाल आहे, आणि अखेरीस देवाने देऊळ नाम्याकडे फिरवून दिले व पंडितांकडे देवळाची पाठ केली, असा निर्वाळा आहे.

या दोन्ही पदांत औंढ्याचे नाव नाही. नागनाथ नाही, शिवरात्र नाही, नंदीही नाही. भैरव रागातील संबोधन यादवराजाला, म्हणजे कृष्णाला आहे. त्यामुळे शिव आणि विठ्ठल यांच्या ऐक्याचा प्रश्नच उपस्थित होत नाही. ज्ञानदेवही नाहीत. स्थळ, काळ, सोबती हे सर्व गळून गेले आहे; उरले आहे ते उठविले जाणे आणि त्याची जातीवरून दिलेली कारणमीमांसा. नाभादासाच्या ‘भक्तमाला’तील नामदेवविषयक छप्पयातही देवळाच्या उलटण्याचा उल्लेख आहे, आणि ते पाहून वेदवेत्ते संकोचले असे तेथे म्हटले आहे. महिपतीने आपल्या आधारांत नाभाजीचे नाव कृतज्ञतेने घेतले आहे. म्हणजे उत्तरेकडील रूप मराठीस अपरिचित होते असे म्हणता येत नाही. ते परिचित असूनही मराठी निवेदनाने आपला भर वेगळ्या जागी ठेवला.

ही पदे तेराव्या-चौदाव्या शतकातील नामदेवांचीच (१२७०–१३५०) आहेत काय, हा प्रश्न येथे टाळता येण्यासारखा नाही. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा आणि ‘नामा’ या मुद्रेने लिहिणारे इतर कवी यांच्या रचना एकमेकांत मिसळल्या आहेत. महाराष्ट्र शासनाने १९७० साली सप्तशताब्दीच्या निमित्ताने प्रसिद्ध केलेल्या गाथेसही या मिश्रणातून पूर्णपणे मार्ग काढता आला नाही. क्रिश्चन नोव्हेट्झके यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या नामदेवविषयक ग्रंथात या गोष्टीकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले आहे. त्यांच्या मते ‘नामा म्हणे’ ही मुद्रा एका व्यक्तीच्या मालकीची खूण न राहता अनेकांनी मिळून जागती ठेवलेल्या स्मृतीची खूण झाली आहे. हे मत स्वीकारले म्हणजे आदिग्रंथातील पदे कोणी रचली या प्रश्नाबरोबरच, ती कोणी जपली आणि का जपली, हाही प्रश्न ऐतिहासिक ठरतो.

४

दोन्ही रूपांतील भेद क्रियापदांत नेमका पकडता येतो. मराठीत ‘फिरणे’ हे अकर्मक आणि ‘फिरवणे’ हे त्याचे प्रयोजक रूप. अकर्मक रूपाने जे आपोआप, दैवयोगाने किंवा अज्ञात शक्तीने घडते ते सांगितले जाते : दिवस फिरले, ग्रह फिरले, मन फिरले, डोके फिरले. यांपैकी कोणत्याही वाक्यात हे कोणी केले असा प्रश्न विचारला जात नाही. प्रयोजक रूपात मात्र हेतू येतो, आणि हेतूबरोबर जबाबदारी येते : शब्द फिरवला, निर्णय फिरवला, पाठ फिरवली. औंढ्याच्या कथेचे मराठीतील रूढ वाक्य ‘देऊळ फिरले’ असे आहे. ते ‘दिवस फिरले’ या वाक्याच्या जातीचे आहे. त्यात कर्ता देऊळच आहे. फिरवणारा कोणी नाही आणि ज्याच्याविरुद्ध फिरले असाही कोणी नाही.

आदिग्रंथातील भैरव रागाच्या पदात क्रियापद असेच अकर्मक आहे. मल्हार रागाच्या पदात मात्र प्रयोजक रूप येते : देवाने देऊळ ‘फिरवून दिले’. त्याबरोबर दोन संप्रदाने येतात. नाम्याकडे तोंड आणि पंडितांकडे पाठ. व्याकरणाच्या एका पायरीने कथा न्यायाची होते. फिरणे हे अद्भुत आहे. फिरवून देणे हा निवाडा आहे.

याच अनुषंगाने एक साधा प्रश्न विचारावा : देऊळ फिरल्यावर मागे कोण राहिले? मराठी कथेचे उत्तर आहे, नंदी. मल्हार रागातील पदाचे उत्तर आहे, पंडित. मराठीने मागे राहण्याचा भाग दगडाच्या नंदीकडे दिला, आणि त्यायोगे कथेला प्रत्यक्ष दाखविता येईल असा पुरावा मिळाला. परंतु ज्यांनी उठविले ते मात्र पाठमोरेपणातून सुटले. उत्तरेकडील पदाजवळ असा दाखविण्याजोगा पुरावा नाही, कारण त्याच्याजवळ स्थळच नाही. त्याच्याजवळ आहे तो घाव.

आधुनिक काळातील शिष्ट मराठीने या दिशेने आणखी एक पाऊल टाकले आहे. ‘नामदेवांना तेथून उठविण्यात आले’ हे वाक्य आज सहज लिहिले जाते. ‘-ण्यात येणे’ ही रचना कचेरीच्या मराठीतून सर्वत्र पसरली आहे. तिचा उपयोगच कर्त्याचा उच्चार टाळण्यासाठी होतो. महिपतीच्या ओवीत आक्षेप घेणारा निदान समोर उभा आहे. या वाक्यात तोही नाही. लेखकाने हे हेतुपुरस्सर केले असेल असे नाही. भाषेत तयार असलेला साचा हाताशी येतो, आणि साच्याबरोबर विस्मरण येते.

ही कथा एकट्या महाराष्ट्राची नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. उडुपी येथे कनकदासांना देवळात प्रवेश मिळाला नाही, तेव्हा कृष्णमूर्ती त्यांच्याकडे वळली आणि भिंतीतील झरोक्यातून तिने दर्शन दिले, असे कन्नड परंपरा सांगते. तो झरोका ‘कनकन किंडी’ या नावाने आजही दाखविला जातो. तमिळ शैव परंपरेत नंदनार या अंत्यज भक्ताला दाराबाहेरून दर्शन घडावे म्हणून तिरुप्पुंगूर येथील नंदी बाजूस सरला. गुरू नानकांच्या जन्मसाखीत त्यांचे पाय ज्या दिशेस फिरविले त्या दिशेस मक्का फिरली, असे येते; विसोबा खेचरांच्या कथेशी तिचे साम्य उघड आहे. इतक्या भाषांत एकच कथाबीज आढळते याचा अर्थ ते कोठून तरी उसने आणले असाच घेण्याचे कारण नाही. दाराबाहेर उभे राहण्याचा अनुभव सर्वत्र होता, म्हणून कथाबीजही सर्वत्र रुजले. यांतील नामदेव, कनकदास आणि नंदनार यांच्या कथांत एक गोष्ट समान आहे : देव फिरतो, नंदी सरकतो, भिंत फुटते, भक्ताला आत घेतले असे त्या क्षणी कोणी म्हणत नाही. कथेने जे दिले त्यावरून, जे मिळत नव्हते त्याचा अंदाज येतो.

५

कथेस स्थळ कसे मिळते, या प्रश्नाचा विचार फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स याने मूलगामी रीतीने केला. स्मृती व्यक्तीच्या डोक्यात सुटी राहत नाही, समाजाच्या चौकटीत राहते, हा सिद्धांत त्याने १९२५ साली मांडला. १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने पॅलेस्टाइनमधील ख्रिस्तचरित्राशी निगडित स्थळांची तपासणी केली आणि असे दाखविले की श्रद्धा आपल्या गरजेप्रमाणे भूमीवर स्थळे निश्चित करते, आणि एकदा निश्चित झालेली स्थळे श्रद्धेला स्थैर्य देतात. हा विचारवंत १९४५ साली बूखेनवाल्ड येथील नाझी छळछावणीत मरण पावला.

औंढ्यास ही प्रक्रिया उघड दिसते. देवळाचा खालचा, कोरीव शिल्पांनी भरलेला भाग यादवकालीन घडणीचा आहे. वरचे बांधकाम स्पष्टपणे उत्तरकालीन आहे. गाभारा जमिनीच्या पातळीखाली असून अरुंद पायऱ्यांनी त्यात उतरावे लागते. नंदी अपेक्षित स्थानी नाही. मोडतोड आणि पुनर्रचना यांतून गेलेल्या वास्तूत काही विसंगती राहाव्यात हे स्वाभाविक आहे. परंतु पाहणाऱ्याला विसंगतीचे कारण हवे असते, आणि कथेला टेकण्यास जागा हवी असते. नंदीच्या ठिकाणी दोघांची गाठ पडली. कथेमुळे नंदीचे स्थान अर्थपूर्ण झाले आणि नंदीमुळे कथा निर्विवाद झाली. शिरड शहापूरच्या मल्लिनाथांची परंपराही, तिचा धर्म व तपशील भिन्न असले तरी, याच प्रकारचे कार्य करते : देव आज जेथे आहे तेथे तो का आहे, याचे उत्तर देऊन ती गावाला देवाशी बांधते. बाहेरून आलेल्या मूर्तीची कथा सांगणारे गाव आपल्या जुनेपणाचा दावा करीत नाही; ते आपल्या निवडले जाण्याचा दावा करते.

स्थळावरून वाद निर्माण होतात ते यामुळेच. नामदेवांच्या जन्मस्थानाविषयी जुन्या वाङ्मयात ‘नरसी ब्राह्मणी’ असे नाव मिळते. काही अभ्यासकांनी ते कऱ्हाडच्या परिसरात शोधले. काहींनी पंढरपूर हेच जन्मस्थान मानले. मराठवाड्याने ते हिंगोलीजवळच्या नर्सीत ओळखले. आज गावाचे प्रचलित नावच ‘नर्सी नामदेव’ असे आहे. तिकडे पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव नामदेवांच्या उत्तरायुष्याचे व निर्वाणाचे स्थान मानले जाते. पंढरपूरचे वारकरी त्यांची समाधी महाद्वारातील पायरीशी मानतात. २०१५ साली ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमान येथे भरले. मराठी साहित्याच्या संमेलनाने पंजाबातील एका खेड्यात जाणे हे ऐतिहासिक पुराव्याने घडले नाही. दोन भाषांनी एकाच नावाभोवती जपलेल्या स्मृतीने ते घडविले.

नांदेडहून नर्सीस जाणारा शीख यात्रेकरू आणि औंढ्यास येणारा वारकरी यांच्या वाटा याच रस्त्यावर जुळतात. पहिल्यास पदातील घाव पाठ असतो, पण हेच ते देऊळ अशी खूण त्याच्या ग्रंथात नाही. दुसऱ्यास नंदी डोळ्यांनी दिसतो, पण घोंगडी उचलून माघारी वळलेला माणूस त्याच्या कथेत अंधूक झाला आहे. एकाच प्रसंगाची स्मृती दोन भाषांत वाटली गेली आहे, आणि कोणत्याही एका भाषेत ती पूर्ण नाही.

६

चौदाव्या किंवा सोळाव्या शतकातील स्मृतीची अशी वाटणी होताना कोणी पाहिलेली नाही. तिचा केवळ परिणाम आपल्यासमोर आहे. परंतु याच प्रदेशात, जवळच्या काळात, अशी वाटणी घडताना दिसते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. या पाच दिवसांना प्रत्येक भाषेत वेगळे नाव आहे. मराठीत तो ‘मुक्तिसंग्राम’ आहे. सरकारी इंग्रजीतून आलेला शब्द ‘पोलीस ॲक्शन’ असा आहे. उर्दूत त्यास ‘सुकूते हैदराबाद’, म्हणजे हैदराबादचे पतन, असे म्हणतात. खेड्यापाड्यांतील वृद्धांच्या बोलण्यात यांपैकी एकही नाव ठळक नसे. ते ‘रझाकारी’ एवढेच म्हणत, आणि तेवढ्यावरून काळ समजत असे.

प्रत्येक नाव कथेला वेगळ्या जागी आरंभ आणि शेवट देते. मुक्तिसंग्रामाची कथा १७ सप्टेंबरला संपते. तिच्यात संस्थानातील दडपशाही आहे, रझाकारांचे अत्याचार आहेत, सरहद्दीवरील शिबिरे आहेत, वापटीच्या बहिर्जी शिंदे यांच्यासारख्यांचे हौतात्म्य आहे; वसमतच्या महाविद्यालयास बहिर्जींचेच नाव दिलेले आहे. हे सर्व खरे आहे आणि त्याची किंमत मोठी आहे. पतनाची कथा बरोबर त्याच दिवशी सुरू होते. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात दौरा केला. सैन्याच्या आगमनानंतर मुसलमानांवर जे हल्ले झाले त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांची सर्वाधिक हानी झाली, असे तिने नोंदविले. तो अहवाल कित्येक दशके सर्वसामान्य अभ्यासकाच्या हाती आला नाही. हेही खरे आहे. मराठी घरात वाढलेल्या मुलाला दिनांकाच्या अलीकडचा भाग मिळतो आणि उर्दू घरातील मुलाला पलीकडचा. दोघेही एकाच गावचे असतात आणि एकमेकांची भाषा समजतात. मराठवाड्याच्या मराठीत दखनी शब्द मुरलेले आहेत, आणि दखनीने मराठीचा निश्चयार्थक ‘च’ आपलासा केलेला आहे. शब्दांची देवघेव इतकी असूनही स्मृतीची देवघेव झाली नाही.

संस्थानी काळाचा आणखी एक परिणाम येथे लक्षात घेण्याजोगा आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. न्यायालय व दप्तर यांतही तिचेच प्राबल्य होते. औरंगाबादेस मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ स्थापन झाले ते १९५८ साली. तोपर्यंत या भागात मराठी टिकली ती मुख्यतः हरिपाठ, कीर्तन, पोथी आणि दिंडी यांच्या आधाराने. ज्या समाजाची भाषा दप्तरात नसते, त्याचा इतिहासही दप्तरात नसतो; तो कथेत जातो. म्हणून या प्रदेशातील कथांना दप्तराइतकाच मान देऊन, दप्तराइतक्याच कठोरपणे त्यांची तपासणी केली पाहिजे.

७

आता मूळ कथेकडे वळावे. औंढ्याची कथा पाठ्यपुस्तकांत, कीर्तनांत आणि प्रवासवर्णनांत आज बहुधा भक्तीच्या सामर्थ्याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. नामदेवांची भक्ती एवढी थोर की देऊळ फिरले, असे वाक्य येते आणि कथा संपते. नामदेव देवळामागे का गेले, हा प्रश्न ऐकणाऱ्या मुलाच्या मनात आला तर त्याचे उत्तर घाईघाईने दिले जाते. परंतु कथेचे कारण तेच आहे. ते काढून टाकले तर देवळाला फिरण्याचे काही प्रयोजन उरत नाही.

या विसराची किंमत काल्पनिक नाही. नामदेवांचेच समकालीन आणि स्नेही चोखामेळा यांची समाधी पंढरपुरास महाद्वाराबाहेर आहे. चोखोबांच्या अस्थी नामदेवांनी मंगळवेढ्याहून आणल्या, असे परंपरा सांगते. ते अभंग शतकानुशतके त्याच द्वारात गाइले गेले, तरी द्वार उघडले नाही. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. देऊळ फिरल्याची कथा ज्या समाजाने एवढ्या प्रेमाने सांगितली, त्याच समाजास दार उघडण्यासाठी उपोषणाची आवश्यकता भासली. कथा अन्यायाची आठवण ठेवू शकते, तशीच ती त्याची भरपाई झाली असा भासही उत्पन्न करू शकते. औंढ्याच्या मराठी कथेने ही दोन्ही कार्ये केली आहेत. देव आपल्या बाजूचा आहे हा धीर तिने बाहेर उभे असलेल्यांना दिला. आणि देवानेच निवाडा केला, आता आपणास काही करावयाचे उरले नाही, ही सोयही तिने आत असलेल्यांना दिली.

यावरून संशोधनाच्या पद्धतीसंबंधी काही सूचना निष्पन्न होतात. मराठवाड्यातील स्थळकथा संकलित करताना कथेचा सारांश टिपून भागणार नाही. ती कोणत्या भाषेत सांगितली गेली, सांगणारा कोणत्या समाजातील आहे, तो कथा कोठून सुरू करतो आणि कोठे संपवतो, क्रियापद अकर्मक वापरतो की प्रयोजक, आणि ज्याने कृत्य केले त्याचे नाव घेतो की वाक्यरचनेत ते झाकतो, याची नोंद होणे अवश्य आहे. एकाच गावातील मराठी, दखनी, लमाणी अशा निरनिराळ्या बोलींतील कथने शेजारी शेजारी ठेवली पाहिजेत. त्यांपैकी एकाच कथनास प्रमाण मानून इतरांना पाठभेद म्हणणे ही घाई होईल. शिरड शहापूरसारख्या गावात, जेथे जैन क्षेत्राची परंपरा, नागनाथाची कथा आणि रझाकारीच्या आठवणी एकाच पारावर ऐकावयास मिळू शकतात, तेथे असे काम लहान प्रमाणावरही फलदायी ठरेल. १९४८ चे दिवस प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता फार थोडी उरली आहे, हे ध्यानात घेता त्यास विलंबही चालण्यासारखा नाही.

औंढ्याच्या बाबतीत तर पहिले पाऊल अगदी सोपे आहे. देवळामागचा नंदी दाखविताना आदिग्रंथातील त्या दोन पदांचा अर्थही सांगावा. आणि ती पदे शिकविताना, ज्या देवळाशी मराठी लोकांनी हा प्रसंग जोडला ते देऊळ हिंगोली जिल्ह्यात उभे आहे, हेही सांगावे. वाटली गेलेली स्मृती एवढ्याने पूर्ण होईल असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु तिचा दुसरा वाटा कोणाकडे आहे, हे तरी दोन्ही ऐकणाऱ्यांस कळेल.